वेल्टेड बूट घेताना या चुका टाळा: दिसते ती शिवण खरी असेलच असं नाही

सहा-सात वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या लग्नासाठी मी तपकिरी ऑक्सफर्ड, म्हणजे लेसचे औपचारिक बूट घेतले. सोलच्या कडेने पांढऱ्या दोऱ्याची रेखीव शिवण, डब्यावर सोनेरी अक्षरं आणि विक्रेत्याचं ठाम सांगणं, "साहेब, वेल्टेड आहेत. आयुष्यभर नुसते सोल बदलत राहा." वेल्टेड म्हणजे ज्यात सोल कडेच्या चामड्याच्या पट्टीला, वेल्टला, शिवलेला असतो असा बूट. दुसऱ्याच पावसाळ्यात उजव्या बुटाने चवड्यापाशी तोंड उघडलं. नाशिकला शालिमारजवळ बसणाऱ्या दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी आरीच्या टोकाने एक टाका उचलला, हलकेच ओढला आणि सगळी पट्टी फितीसारखी त्यांच्या हातात आली. खाली फक्त गोंद. "ही शिवण कशालाच धरून नाही," ते म्हणाले. "नुसती दाखवायची आहे."

त्या दिवसापासून दुकानात गेलो की मी बूट आधी उलटा करून बघतो. बायको म्हणते, वांगी निवडतोयस का. पण मित्रांसोबत खरेदीला जाऊन आणि स्वतःचे पैसे घालवून एक गोष्ट कळली. वेल्ट ही दुरुस्तीची सोय आहे, दर्जाची हमी नाही. बहुतेक चुका या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे होतात.

चूक पहिली: टाके दिसले की वेल्ट समजणं

खऱ्या गुडइयर पद्धतीच्या वेल्टमध्ये शिवणी दोन असतात, आणि महत्त्वाची असते ती न दिसणारी. बुटाचं वरचं चामडं कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ताणून खाली वळवतात. इनसोलच्या, म्हणजे पायाखालच्या आतल्या तळाच्या, खालच्या बाजूला एक उभी कड असते. ती कड, वरचं चामडं, अस्तर आणि बाहेरून लावलेली चामड्याची अरुंद पट्टी, म्हणजे वेल्ट, हे सगळं एका आडव्या शिवणीत बांधलं जातं. मधली पोकळी कॉर्कने भरतात. मग खालचा सोल त्या पट्टीला दुसऱ्या, उभ्या शिवणीने जोडतात. बाहेरून दिसते ती ही दुसरी. सोल झिजला की तेवढी उसवायची, नवा सोल शिवायचा. वरच्या चामड्याला सुई लागतच नाही, म्हणून हा बूट पुन्हापुन्हा दुरुस्त होतो.

नकली वेल्टमध्ये पट्टी सोलसोबतच साच्यातून निघालेली असते, किंवा टाके मारलेली सुटी पट्टी वरून चिकटवलेली असते. ओळखायचं कसं? पट्टी आणि वरचं चामडं यांच्यामधली फट नखाने किंचित उघडा. खऱ्या वेल्टमध्ये आत दोरा दिसतो. मग बूट उलटा करा. वर जितके टाके, तितके खाली दिसायला हवेत. चामड्याच्या सोलला कधीकधी ही शिवण खाच पाडून झाकलेली असते, अशा वेळी सोलच्या कडेजवळ खाचेची बारीक रेघ दिसते. शेवटी बुटात हात घालून आतली पातळ गादी उचलता आली तर उचला. इनसोलवर कडेने टाक्यांची रांग दिसली तर तो ब्लेक शिवणीचा बूट आहे, म्हणजे इनसोल, वरचं चामडं आणि सोल एकाच शिवणीत जोडलेला. ब्लेक वाईट नव्हे, उलट बूट हलका आणि सडपातळ होतो. पण वेल्टची किंमत देऊन ब्लेक घेऊ नये. आणि टाचेभोवती वेल्ट नाही म्हणून घाबरू नका. औपचारिक बुटांत पट्टी टाचेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतच असते, मागे टाच खिळ्यांनी बसवतात. तीच रीत आहे.

एका विक्रेत्याने मला गुडइयर म्हणजे टायरवाल्या कंपनीचं रबर असं समजावलं होतं. नाव आलंय ते चार्ल्स गुडइयर धाकटे यांच्यावरून. या शिवणीचं यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या नावाने रूढ झालं. रबर टिकाऊ करण्याची कृती शोधणारे चार्ल्स गुडइयर हे त्यांचे वडील. टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली, तिने वडिलांचं नाव फक्त आदराने घेतलं. बुटाच्या वेल्टचा टायरशी काही संबंध नाही.

आणखी एक बारकावा. यंत्राने केलेल्या गुडइयर वेल्टमध्ये इनसोलखालची ती उभी कड बहुतेक वेळा कापडाची असते आणि चिकटवलेली असते. म्हणजे "यात गोंद अजिबात नाही" हा दावा तिथेच गळून पडतो. हाताने वेल्ट केलेल्या बुटात मात्र जाड चामड्याच्या इनसोललाच खाच कोरून शिवतात. ते महाग का, याचं उत्तर त्या इनसोलमध्ये आणि कारागिराच्या तासांमध्ये आहे.

चूक दुसरी: चामडं न बघणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. सोल बदलता येतो, वेल्टही बदलता येते, वरचं चामडं बदलता येत नाही. ते चिरलं की बूट संपला. खाली कितीही उत्तम शिवण असली तरी.

"जेन्युइन लेदर" या शिक्क्याचा अर्थ एवढाच की हे जनावराचं कातडं आहे. कुठला थर, किती घासलेलं, वर प्लास्टिकचा किती जाड लेप, याबद्दल शिक्का गप्प असतो. स्वस्तातल्या औपचारिक बुटांत कातड्याचे डाग, ओरखडे घासून काढतात आणि वर लेप देतात. दुकानातल्या दिव्याखाली असा बूट आरशासारखा चमकतो, आणि लोक नेमके त्यालाच भुलतात. सगळीकडे अगदी एकसारखी चमक दिसली, रंध्रं कुठेच दिसली नाहीत, तर सावध व्हा. बोटांच्या मागे, जिथे बूट चालताना दुमडतो, तिथे अंगठ्याने हलकं दाबा. चांगल्या वासराच्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि बोट काढलं की जवळजवळ मिटतात. लेपवाल्यावर एक-दोन जाड, कडक घड्या पडतात. वर्षभराने तिथेच तडे जातात. पोटाकडचं सैल चामडं असेल तर दाबल्यावर वरचा थर सुटल्यासारखा फुगतो.

वासावर जाऊ नका. चामड्याचा वास फवारताही येतो. लायटर लावून बघणारे महाभागही पाहिलेत, त्यांच्यासोबत मी दुकानात जात नाही.

दोन्ही बूट शेजारी ठेवून बघा. डाव्या-उजव्याचा पोत आणि रंग जुळायला हवा. चांगला कारखाना कातड्याचा उत्तम भाग पुढच्या टोकासाठी राखतो, जिभेसाठी किरकोळ भाग वापरतो. म्हणून जीभ थोडी खरबरीत असली तर बिघडत नाही, पण पुढच्या भागावर शिरा दिसत असतील तर बूट परत ठेवा. मग अस्तर. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उन्हाचा पारा चाळिशीला टेकतो. रेक्झिनच्या अस्तरात पाय अक्षरशः उकडतो आणि तो घाम इनसोलमध्ये मुरतो. इनसोल चामड्याच्या भुग्याचा दाबून केलेला असेल तर घामाने वळतो, कडेला उचलला जातो. विचारा, "इनसोल अख्ख्या चामड्याचा आहे का?" बरेच विक्रेते गडबडतात. गडबडले तरी चालेल, पण वेल्टेड म्हणून पंधरा हजार मागणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

चूक तिसरी: "घालून घालून सैल होतील"

चामडं रुंदीत थोडं सैल होतं, लांबीत होत नाही. बोटं टोकाला लागत असतील तर ती कायम लागणार. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. स्पोर्ट्स शूजमध्ये नऊ नंबर घालणाऱ्याला औपचारिक बुटात आठ किंवा साडेआठ बसणं अगदी शक्य आहे, त्यामुळे जुन्या बुटाचा नंबर सांगून मोकळं होऊ नका.

बूट संध्याकाळी बघायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पायाचा सगळ्यात रुंद भाग बुटाच्या सगळ्यात रुंद भागात बसतोय का, ते बघा. लेस बांधल्यावर ऑक्सफर्डच्या दोन्ही पाकळ्यांत एखादा सेंटिमीटर फट राहिली तर उत्तम. पाकळ्या पूर्ण मिटल्या तर बूट सैल आहे, इंग्रजी व्ही सारख्या फाकल्या तर अरुंद. लहानपणापासून चपला-सँडल घालणाऱ्यांचे चवडे पसरट असतात, आणि दुकानांत रुंद फिटिंग क्वचितच ठेवलेलं असतं. मग लोक रुंदीसाठी एक नंबर मोठा घेतात, टाच मागे निसटते आणि खापर बुटावर फुटतं.

चूक चौथी: आपली राहणी विसरून बूट निवडणं

बुटांबद्दलचं बहुतेक शहाणपण इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनसारख्या बूट बनवणाऱ्या गावातून आलंय. तिथला माणूस सकाळी बूट चढवतो आणि रात्री काढतो. आपण? कॉलेज रोडवर मित्राच्या घरी गेलो, दारात बूट काढले. पंचवटीत काळाराम मंदिरात गेलो, बूट काढले. सासुरवाडी, डॉक्टरांचा दवाखाना, पूजा, पुन्हा तेच. दिवसातून सहा वेळा. आणि दर वेळी लेस न सोडता टाच रेटून आत घालायची, घाई असली तर मागची बाजू चपलेसारखी दाबून चालायचं. बुटाची मागची आधारपट्टी एकदा मोडली की बूट पायावर कधीच नीट बसत नाही.

म्हणून ऑक्सफर्डचा हट्ट ज्यांना कार्यालयात किंवा समारंभात दिवसभर बूट घालून राहायचंय त्यांनीच धरावा. इतरांनी पाकळ्या मोकळ्या उघडणारे डर्बी, बिनलेसचे लोफर किंवा बकलवाले मंक घ्यावेत. खिशात मावणारं शूहॉर्न, म्हणजे टाच आत सरकवायची पट्टी, ठेवा. लोक हसतील, हसू द्या. आणि महागडे बूट घालून मंदिरात जायचंच असेल तर ते गाडीत काढून ठेवा, म्हणजे दर्शनात लक्ष लागेल.

सोलचंही तसंच. चामड्याचा सोल रुबाबदार, पण पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर घसरतो आणि जुलैत त्र्यंबक रोडवर एक सर आली की पाणी पितो. नाशिकमध्ये मी रबरी सोलच घेतो. त्यात कमीपणा नाही, इंग्रजही पावसात रबरच घालतात.

चूक पाचवी: किमतीचं गणित अर्धवट मांडणं

"महाग घ्या, शेवटी स्वस्त पडतं" हे सगळे सांगतात. मांडून बघू. समजा वेल्टेड जोड १५,००० रुपयांचा, दहा वर्षांत दोनदा सोल बदलायचे २,५०० प्रमाणे ५,०००. एकूण २०,०००, म्हणजे वर्षाला २,०००. चिकटवलेला जोड ४,००० रुपयांचा, दोन वर्षं चालला, तर वर्षाला तेही २,०००च. म्हणजे बचत वगैरे काही नाही. पैसे देतोय ते चांगल्या चामड्याचे, पायाला बसलेल्या बुटाचे आणि आवडीचे. हे मान्य असेल तर खुशाल घ्या.

हे गणितही सोल नीट बदलून मिळाला तरच जमतं. म्हणून घेण्याआधी विचारा: सोल कोण बदलणार? कंपनी परत घेते का, कुरियरचा खर्च कुणाचा? रस्त्याकडेच्या ठेल्यावर वेल्टला सोल शिवायचं यंत्र नसतं, तिथे हातानेच शिवणार. चांगला हात असेल तर हरकत नाही. फक्त दोन गोष्टी आवर्जून सांगा. वेल्टवरची जुनी भोकंच वापरा, आणि खिळे ठोकू नका. दर वेळी नवी भोकं पाडली तर वेल्ट नाशिकरोडला छापतात त्या पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी होते आणि तशीच टर्रकन फाटते. टाचेचं खालचं रबर मात्र झिजायच्या आधी बदला. ते काम कुणीही करतं, आणि चामड्याची टाच खाल्ली जाण्यापासून वाचते.

वर्षातून दोन लग्नांपुरतेच बूट लागणाऱ्यांनी वेल्टेड न घेतलेलेच बरे. पण त्यांच्यासाठी वेगळा इशारा आहे. हलक्या पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे बूट डब्यात बंद करून माळ्यावर ठेवले की हवेतल्या ओलाव्याने तो सोल आतून कुजत जातो, न वापरताही. गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात नवरदेवाच्या मामांच्या मागे स्टेजभर काळा भुगा सांडत गेलेला मी पाहिलाय. फोटोग्राफरला वाटलं केक पडला. क्वचित घालायच्या बुटांना साधं रबर बघा.

"एक्स्पोर्टचा माल" हे शब्द ऐकले की लोक विरघळतात. आग्रा, चेन्नई, आंबूर इथून परदेशात खरोखर उत्तम बूट जातात, आणि मुंबई-आग्रा महामार्ग तर आपल्या गावातूनच जातो. पण स्वस्तात मिळणारा जोड कारखान्याने नाकारलेलाही असू शकतो. दोन्ही बुटांचे नंबर, टाचांची उंची आणि पुढच्या टोकाची लांबी ताडून बघा.

बूट घरी आल्यावर

स्पंजवालं झटपट पॉलिश वापरू नका, त्याचा थर सुकून चामड्यावर तडकतो. आधी क्रीम, मग थोडं मेणाचं पॉलिश आणि ब्रश. एकच जोड सलग दोन दिवस घालू नका. भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत आडवे ठेवा. हेअर ड्रायर, गॅसची शेगडी, कडक ऊन यांनी चामडं कायमचं कडक होतं. पावसाळ्यात बुरशी आली तर ओलसर फडक्याने पुसून वाऱ्याला ठेवा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच बांधू नका.

नवे बूट चूं चूं करत असतील तर आतली गादी उचलून खाली चिमूटभर टाल्कम पावडर टाका. बहुतेकदा आवाज तिथूनच येतो. तरीही थांबला नाही आणि प्रत्येक पावलाला मधोमध टकटक होत असेल तर आतली आधाराची पट्टी, शँक, सुटली आहे. तिला सोल उघडल्याशिवाय हात लागत नाही. असा जोड पावती असेपर्यंत परत करा.