खाली दुकानं, वर घरं: आधी पार्किंग मांडा

धनकवडीतली सोसायटी रीडेव्हलपमेंटला आली की सभासद पहिल्यांदा विचारतात, "दुकानं किती निघतील?" मी आधी पार्किंग मांडतो.

राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली २०२० पासून पुण्यालाही लागू आहे. रस्त्याच्या रुंदीवर एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते, ठरतो, तेव्हा विकास आराखड्यातली रुंदी पक्की केल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. मोठ्या गाडीला २.५ बाय ५ मीटर जागा धरा. दोन कॉलमांमध्ये स्वच्छ ५ मीटर सुटले तर दोन गाड्या बसतात, पण दार उघडताना पोट आत घ्यावं लागतं. मी साडेपाच ठेवतो. कॉलमांमधल्या त्याच अंतरात वर बेडरूम आणि पुढे दुकान बसवायचं. कॉलम शटरच्या मधोमध आला तर दुकानदार जन्मभर नावं ठेवेल.

संडास-बाथरूम दुकानावर आणूच नका. आणावंच लागलं तर पाइप बाजूच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, उतरवा.

एका इमारतीत मी खानावळीच्या धुराची वाट काढायला विसरलो. पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, आमच्या उशांना भज्यांचा वास येतो!" तेव्हापासून गाळा कुणीही घेवो, गच्चीपर्यंत जाणारा धुराचा डक्ट नकाशात असतोच.

रहिवाशांचा जिना आणि लिफ्ट दुकानांपासून वेगळी, शक्यतो बाजूच्या गल्लीतून. पेठेतल्या वाड्यांत हेच होतं: रस्त्याला दुकान, दिंडीदरवाज्यातून आत चौक. पाण्याचे आणि विजेचे मीटरही पहिल्या दिवसापासून वेगळे.