पहिल्या पावसाच्या संध्याकाळी रानात उतरा : शंखी गोगलगाय आणि हुमणीसाठी सल्ला

रोहिणीत एखादा दमदार वळीव झाला की कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यांचं लक्ष बियाणं, खत आणि वाफशाकडे (पेरणीजोग्या ओलीकडे) जातं. त्याच संध्याकाळपासून उन्हाळाभर मातीत दडलेले दोन जीव वर यायला लागतात. एक शंखी गोगलगाय, दुसरा हुमणीचा, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीचा, भुंगा. दोघेही अंधार पडला की बाहेर पडतात, जोडी जमवतात आणि थोड्याच दिवसांत जमिनीत अंडी घालतात. अंडी पडायच्या आधी जे वेचलं ते गेलं. त्यानंतर जे उरतं त्याच्यामागे सगळा हंगाम पैसे घालावे लागतात, आणि तरीही ते पुरतं हाती लागत नाही.

पीक गेलेली बहुतेक रानं याच एका हयगयीने गेलेली दिसतात. दिवसभर पेरणीची धावपळ होते, संध्याकाळी सगळे घरी जातात, आणि सात ते नऊ या वेळेत रानात कुणीच नसतं. दिवसा फिरून "कीड दिसत नाही" असं म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण दिवसा ती दिसतच नाही.

शंखी गोगलगाय

हा प्राणी मूळचा पूर्व आफ्रिकेचा. १८४७ मध्ये बेन्सन या ब्रिटिश अभ्यासकाने तो मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडला आणि तिथून तो देशभर पसरला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात याच गोगलगायीने उगवतं सोयाबीन फस्त केलं आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. माहितीपत्रकांत तिचं शास्त्रीय नाव कुठे अकॅटिना फुलिका, तर कुठे लिसाकॅटिना फुलिका असं छापलेलं असतं. दोन्ही एकच.

एकाच गोगलगायीच्या अंगात नर आणि मादी दोन्ही इंद्रियं असतात. त्यामुळे जोडी जमल्यावर दोन्ही गोगलगायी अंडी घालू शकतात, आणि मिळालेलं बीज साठवून पुढेही अंडी घालत राहतात. एका खेपेला साधारण १०० ते ४०० अंडी, आणि वर्षात अशा अनेक खेपा. अंडी साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, बांधाच्या सावलीत भुसभुशीत मातीत किंवा कुजक्या पाल्याखाली पुंजक्याने सापडतात. एक-दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि ती कोवळ्या रोपावरच पडतात.

सोयाबीन, भुईमूग आणि भाजीपाल्याला खरा धोका उगवणीपासून १५ ते २० दिवस. रोप जमिनीलगत कापलेलं दिसतं आणि पुष्कळजण बियाण्याला किंवा पाखरांना दोष देतात. पहाटे जाऊन माती बघा. वाळलेल्या चिकट स्रावाचा चकाकणारा पट्टा आणि नागमोडी काळी विष्ठा असेल तर ती गोगलगाय.

वेचणी अशी करा:

संध्याकाळी १० लिटर पाण्यात १ किलो गूळ विरघळवा, त्यात गोणपाट भिजवा आणि बांधाकडेच्या दोन-तीन ओळींत दर दहा-बारा पावलांवर अंथरा. रानातला अनुभव असा की पोत्याखाली पपईची किंवा कोबीची टाकाऊ पानं ठेवली तर नुसत्या गुळापेक्षा जास्त गोगलगायी जमतात. गूळ जवळ नसेल म्हणून काम थांबवू नका, ओलं पोतं आणि पानं एवढ्यावरही चालतं. रात्री साडेसातनंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारा आणि पहाटे ऊन चढायच्या आत पोती उलटून दुसरी. झिमझिम चालू असेल त्या रात्री गोगलगायी बांध सोडून मधल्या रानातही उतरतात, तेव्हा फेरी लांबवा.

उघड्या हाताने वेचू नका. या गोगलगायीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला एक सूत्रकृमी असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. हातमोजे किंवा हाताला घट्ट बांधलेली प्लास्टिकची पिशवी वापरा, लहान मुलांना या कामाला लावू नका. त्या रानातली भाजी धुतल्याशिवाय खाऊ नका.

वेचलेली गोगलगाय मिठाच्या दाट पाण्यात किंवा साबणाच्या पाण्यात बुडवून मारा, मग दोन-तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. नुसती ठेचून बांधावर टाकली तर तिच्या पोटातली अंडी तशीच राहतात. ओढ्यात किंवा पंचगंगेच्या पात्रात फेकणं म्हणजे खालच्या गावाला ती पोचवणं. मीठ रानात पसरू नका. गोगलगाय चार मरतील, जमीन मात्र खराब होईल.

एकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्या बांधावर गवत माजलेलं असेल तर आठ दिवसांत पुन्हा तेवढ्याच येतात. शिवाराच्या एका पट्टीतल्या सगळ्यांनी लागोपाठच्या संध्याकाळी मिळून वेचावं. पहिल्या पावसापासून आर्द्रा संपेपर्यंत हे चालू ठेवा.

आता औषधाचं. मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्या, एकरी २ किलो, संध्याकाळी, विखुरलेल्या. ढीग करायचा नाही, कारण कुत्री आणि जनावरं ती खातात. ही गोळी गोगलगायीच्या अंगातलं पाणी स्रावावाटे काढून तिला कोरडी करते. म्हणून रात्री पाऊस पडला किंवा माती चिंब असली तर अर्धमेली गोगलगाय पुन्हा पाणी शोषून उठते. पुढचा एक-दीड दिवस उघडीप असेल तेव्हाच गोळ्या टाका. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागात जूनच्या शेवटी अशी उघडीप मिळत नाही, तिथे वेचणीवरच भर द्या. सकाळी मेलेल्या गोगलगायी उचलून पुरा.

क्लोरपायरीफॉस किंवा दुसरं कीटकनाशक फवारून गोगलगाय आटोक्यात येत नाही. मरतात ते जमिनीवरचे शिकारी किडे, जे तुमचंच काम करत होते. काजव्याच्या अळ्या गोगलगायी खातात. राधानगरी-दाजीपूरकडे काजवे बघायला लोक येतात, त्यांच्या अळ्या बांधालगतच्या ओल्या पाल्यात असतात. भारद्वाज पक्षीही गोगलगाय फोडून खातो. त्यांच्यासाठी बांधावरचं झुडूप ठेवा, गवत मात्र काढा.

बांधावर चुन्याचा वीतभर पट्टा ओढतात. तो कोरड्यात चांगला चालतो, एका सरीने धुऊन जातो. रोपवाटिकेत, शेडनेटच्या कडेने, छपराखाली तो टिकतो. तिथे जरूर वापरा.

सगळ्याच गोगलगायी मारू नका. भातखाचरातल्या पाण्यातल्या गोगलगायीच्या तोंडाला टणक झाकण असतं. ती वेगळ्या कुळातली आहे, तिला हात लावू नका. शंखी गोगलगायीला असं झाकण नसतं, उन्हाळ्यात ती तोंडावर नुसता पांढरा पापुद्रा धरते. तिचा शंख लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा. पातळ, चपट्या, चकचकीत शंखाच्या छोट्या गोगलगायी बहुतेक कुजका पाला खातात, आणि सह्याद्रीत अशा अनेक जाती आहेत ज्या दुसरीकडे कुठेच नाहीत. हवाईत १९५५ मध्ये या आफ्रिकन गोगलगायीला मारायला परदेशी शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने आफ्रिकन गोगलगाय सोडून तिथल्या मूळच्या गोगलगायींचा फडशा पाडला. म्हणून कुणी बाहेरचा "मित्रजीव" विकायला आणला तर नको म्हणा.

हुमणी

इथे जात ओळखणं म्हणजे निम्मं काम. कोल्हापुरात ऊस आणि भुईमुगाचं मोठं नुकसान मुख्यतः दोन जाती करतात. माळावरची होलोट्रिकिया सेराटा आणि नदीकाठच्या मळीच्या (गाळाच्या) रानातली ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. दोघींची वर्षाला एकच पिढी, पण भुंग्यांचं वागणं वेगळं.

माळावरच्या जातीचा भुंगा वळवानंतर तिन्हीसांजेला सात-साडेसातला मातीतून निघतो आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला बसतो. पहाटेपूर्वी परत मातीत शिरतो. एक मादी साधारण ६० अंडी घालते. झाडाखाली जुनी साडी किंवा ताडपत्री पसरा, आकडीने फांद्या हलवा, पडलेले भुंगे साबणाच्या किंवा थोडं डिझेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. प्रकाश सापळा लावायचा असेल तर अंधार पडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत पुरे, नंतर दिवा बंद करा. रात्रभर लावून ठेवला तर बाकीचेच किडे जास्त मरतात. ठोकताळा असा की माळावर बोटभर ओल जाईल एवढा वळीव झाला आणि दुसऱ्या दिवशी उकाडा राहिला तर त्या संध्याकाळी भुंगे सर्वांत जास्त. त्या दिवशी बाजार नको, लग्न नको, झाडाखाली थांबा.

नदीकाठच्या जातीचे भुंगे पाला खात नाहीत. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या मळीत कडुनिंबावर औषध फवारून उपयोग नाही आणि दिव्यावर विसंबूनही चालत नाही. हे भुंगे जूनच्या पावसानंतर अंधार पडताना थोडाच वेळ मातीतून निघतात, जोडी जमवतात आणि पुन्हा आत जातात. तेवढ्याच वेळात बांधावर, सरीत, गवतावर हाताने वेचावे लागतात. मळीवाल्यांनी माळावरचा सल्ला ऐकायचा आणि झाडं फवारायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे. अळ्या उसात तशाच.

आधी नीट ओळखा. उकिरड्यात जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या की लगेच औषध ओतू नका. अळी सपाट फळीवर ठेवा. ती पाठीवर उताणी होऊन सरकायला लागली तर ती कुजकं खाणाऱ्या वेगळ्या भुंग्याची आहे. ती मुळं खात नाही, शेणखत बारीक करते. हुमणीची अळी इंग्रजी सी अक्षरासारखी वळून एका कुशीवर पडते. नक्की जात शेवटच्या वळीच्या खालच्या बाजूला असलेल्या केसांच्या रचनेवरून भिंगातून कळते, ते काम तज्ज्ञाला करू द्या.

जुलैत अळी लहान असते आणि मातीतलं सेंद्रिय खाते. ऑगस्ट-सप्टेंबरात ती मोठी होऊन मुळांवर तुटून पडते आणि उसाचं बेट पिवळं पडून ओढताच हातात येतं. तोवर औषध कामाचं राहत नाही. म्हणून जुलैमध्ये रानात दहा ठिकाणी फूटभर खोल खणून बघा. चौरस मीटरला सरासरी एक अळी सापडली तर उपाय करायची वेळ आली.

मेटाऱ्हायझियम ॲनिसोप्ली ही अळीला रोग लावून मारणारी बुरशी हेक्टरी २० किलो (एकरी ८), चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना सरीत द्या. पाकिटावरची तारीख बघा. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेल्या कपाटात राहिलेली बुरशी मेलेली असते. बुरशीनाशकासोबत ती देऊ नका. अळ्या जास्तच असतील तर उसात फिप्रोनिल ४० टक्के अधिक इमिडाक्लोप्रिड ४० टक्के हे मिश्र औषध हेक्टरी ५०० ग्रॅम, म्हणजे एकरी २०० ग्रॅम, किमान ४०० लिटर पाण्यातून बेटाच्या बुडख्यात आळवणी. पाणी कमी केलं तर औषध वरच्या इंचभर मातीत अडकतं आणि अळी खाली असते. हेच इथे सर्रास चुकतं.

फोरेट या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा कुणी देत असेल तर घेऊ नका.

"हुमणी स्पेशल", "गोगलगाय स्पेशल" नावाच्या बाटल्या या दिवसांत दुकानात पुढे मांडलेल्या असतात. लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव आणि टक्केवारी नसेल तर ती बाटली परत ठेवा. टॉनिक आणि ह्युमिक ॲसिडने ना गोगलगाय मरते ना अळी. पक्कं बिल मागा. तेवढ्या पैशात चार माणसं दोन संध्याकाळी वेचायला लावता येतात, आणि त्याने जास्त भागतं.

बाकीची कामं :

• बांधाची तणं आणि गवत मृगाआधी काढणे
• खोल नांगरट झाली नसेल तर वाफशावर कुळवाची एक पाळी, उघड्या अळ्या बगळ्या-कावळ्यांना
• बांधालगतच्या दोन सऱ्यांतलं पाचट (उसाचा वाळलेला पाला) रानाच्या आतल्या सरींत ओढणे, जाळणे नाही
• कच्चं शेणखत रानात नको
• सोयाबीन पेरणी किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर
• धूळवाफ (कोरड्यात पेरलेल्या) भाताच्या कडा पहाटे बघणे
• आणलेल्या रोपांचे ट्रे आणि पिशव्या उलटून गोगलगायीची अंडी तपासणे
• आडसाली उसाच्या लावणीआधी जुलैत मातीची खोदतपासणी

पूर येऊन गेलेल्या रानात २०१९ आणि २०२१ सारखा गाळ बसला तर पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात बांध आणि गाळाचे ढीग तपासा. पुराच्या पाण्याबरोबर काडीकचरा येतो आणि त्याला चिकटून गोगलगायी व अंडीही येतात. आधी कधी न दिसलेल्या रानातही त्या सापडू शकतात.

ओळख पटत नसेल तर नमुना कोल्हापुरातल्या शेंडा पार्कच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात किंवा तळसंदे, कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. हुमणीच्या अळ्या जिवंत, त्याच रानातल्या ओल्या मातीसह, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात, एका डब्यात एक-दोनच, कारण जास्त ठेवल्या तर एकमेकींना चावतात. भुंगे वेगळे, कोरड्या काडेपेटीत. गोगलगाय घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल्या कागदासह. डब्यावर पेन्सिलीने गाव, पीक, जमीन माळाची की मळीची, आणि सापडल्याची तारीख व वेळ लिहा. शाई पाण्याने पसरते.