"एकदा तरी पिल्लं होऊ द्या" असं सांगतील, ऐकू नका

आमच्या राणी कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन आम्ही सात वर्षं पुढे ढकललं, कारण शेजारीपाजारी सगळे सांगायचे की एकदा तरी आई होऊ दे तिला, नाहीतर पाप लागतं. हिट (माज) संपून महिना झाला असेल, अचानक पाण्याचं भांडं दोन-दोनदा रिकामं व्हायला लागलं, खाणं बंद आणि सारखी मागची बाजू चाटायची. पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू. रात्रीच्या रात्री पोट उघडावं लागलं, वाचली ती, पण जे ऑपरेशन तरुण वयात सोपं गेलं असतं ते जिवावर बेतलं. म्हणून सांगते, एका बाळंतपणाने तब्येतीला काहीही फायदा होत नाही. उलट पहिल्या हिटच्या आधी नसबंदी केली तर स्तनाच्या गाठींचा धोका खूपच कमी होतो, नंतर प्रत्येक हिटबरोबर तो फायदा घटत जातो.

मांजरांना उशीर करूच नका, पाच महिन्यांच्या आत उरका. भाटी (मादी मांजर) चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, रात्रभर ओरडते, लोळते, लोकांना वाटतं पोटात दुखतंय. नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि ती अंगावर पीत असतानाच परत गाभण राहते. बोक्याची केली की घरभर मुतणं, मारामाऱ्या, दिवस-दिवस गायब होणं बरंच कमी होतं, फक्त ऑपरेशननंतर महिना-दीड महिना त्याला भाटीपासून लांब ठेवा, तेवढ्यात पिल्लं होऊ शकतात.

कुत्र्यांचं थोडं वेगळं आहे. छोट्या जातीची साधारण सहा ते नऊ महिन्यांत करतात, पण लॅब्रॅडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड असेल तर हाडं-सांधे पूर्ण वाढू द्यावे लागतात, वर्ष ते दीड वर्ष, फिमेलच्या बाबतीत हिट आणि स्तनाच्या गाठींचा हिशोब पण असतो, त्यामुळे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. हिट चालू असताना शक्यतो नको, रक्तस्राव जास्त होतो, संपल्यावर दोन-तीन महिने थांबा. आणि हिट थांबवायची इंजेक्शनं-गोळ्या घेऊ नका प्लीज, त्यानेच पायोमेट्रा आणि गाठींचा धोका वाढतो.

आधी लसीकरण पूर्ण हवं आणि रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचिडांचा ताप खूप, त्यात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी झालेल्या असतात आणि वरून कुत्रा मस्त खेळताना दिसतो. मोठ्या जनावराला आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नका, लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, त्याचे तास विचारून घ्या.

घरी आणल्यावर दहा-चौदा दिवस गळ्यात कॉलर, म्हणजे टाके चाटू न देणारा शंकूसारखा पट्टा. बिचारी दारावर आपटते, केविलवाणी बघते, तुमचं मन विरघळतं, तरी काढू नका, एका रात्रीत टाके चाटून उघडतात. अंघोळ नाही, उड्या नाहीत. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन तर अजिबात नको, मांजर त्याने मरतं. जखमेतून पाणी किंवा रक्त येत असेल, हिरड्या पांढऱ्या दिसत असतील किंवा दुसऱ्या दिवशीही काही खाल्लं नसेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.