व्हीलचेअर सांभाळून कशी वापरावी

व्हीलचेअरचा ब्रेक वेग कमी करण्यासाठी नसतो. थांबलेली खुर्ची जागच्या जागी धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. चालत्या खुर्चीचा एका बाजूचा ब्रेक ओढला, तर ती त्याच बाजूला गर्रकन वळते आणि बसलेला माणूस पडू शकतो. वेग आवरायचा तो हातानं, मोठ्या चाकालगतच्या कडीवर दोन्ही तळवे सारखे घासत.

हा ब्रेक थेट टायरवर दाबतो. त्यामुळे टायरमधली हवा उतरली, की लिव्हर पूर्ण ओढूनही खुर्ची सरकते. आठवड्यातून एकदा टायर अंगठ्यानं दाबून बघा. अगदी किंचित दबला पाहिजे. मग दोन्ही ब्रेक लावून खुर्ची ढकलून बघा. चाक फिरलं तर आधी हवा भरा. तरीही फिरलं तर ब्रेकचा बोल्ट सैल झालाय का ते तपासा.

पलंगावरून खुर्चीत बसताना घाई अजिबात नको. अंगाची जी बाजू जास्त बळकट, त्या बाजूला खुर्ची पलंगाला लागून, साधारण 30 ते 45 अंशांत तिरकी लावा. आता ती थोडी पुढे नेऊन वीतभर मागे घ्या. पुढची छोटी चाकं फिरून पुढच्या बाजूला येतात, खुर्चीचा पाया लांब होतो आणि वजन पुढे आलं तरी ती सहसा कलंडत नाही. हे दोन सेकंदांचं काम आहे, पण बरेच जण ते करत नाहीत. त्यानंतर दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचला आणि मगच उठा. त्या पट्ट्यांवर उभं राहायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही: सगळा भार छोट्या चाकांच्या पुढे पडतो आणि खुर्ची मागून उचलली जाते.

मदत करणाऱ्यानं काखेत हात घालून ओढू नये. अर्धांगवायू झालेल्यांचा खांदा अशानं निखळू शकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा आणि स्वतःच्या पाठीऐवजी गुडघे वाकवा.

चढावर खुर्चीचं तोंड वरच्या बाजूला ठेवून ती मागून ढकला. तीव्र उतारावर मात्र ती उलटी फिरवून, स्वतः खालच्या बाजूला राहून मागे-मागे उतरवा. रॅम्प बांधणार असाल तर 1:12 चं प्रमाण धरा, म्हणजे 15 सेंटीमीटर उंचीला 180 सेंटीमीटर लांबी. एखादीच पायरी चढायची असेल तर मागच्या बाजूला खाली आलेल्या नळीवर पाय दाबून खुर्ची मागे कलवा, छोटी चाकं वर टेकवा, मग मोठी चाकं पायरीला भिडवून ढकला. उतरताना मोठी चाकं आधी, पाठमोरी.

मागच्या मुठींना जड पिशवी अडकवू नका. चढावर खुर्ची मागे उलटते, आणि पिशवी तशीच अडकवून माणूस उठला तर रिकामी खुर्चीही आडवी होते. शालीचं किंवा ओढणीचं टोक मांडीखाली दाबून घ्या, चाकाच्या आऱ्यांत गेलं तर गळ्याला फास बसतो.

दिवसभर बसणाऱ्यांनी दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे झुकून किंवा एका बाजूला कलून मिनिट-दोन मिनिटं बैठकीवरचा भार हलवावा. संवेदना नसेल तिथे जखम होतेय हे कळत नाही, म्हणून रोज रात्री माकडहाड आणि बैठकीची हाडं आरशात किंवा दुसऱ्याकडून बघून घ्या. लाली दिसली आणि दाब काढल्यावरही ती गेली नाही, तर त्या जागेवर बसणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.