गावाची नोंद लिहिताना दंतकथेचं काय करायचं? या चुका टाळा

वाईच्या माणसाला ‘विश्वकोश’ शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथेच बसून मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. २००३ पासून मराठी विकिपीडियाही आहे, त्यामुळे आता कुणालाही आपल्या गावाची नोंद लिहिता येते. मी सातारा भागातल्या कॉलेजच्या मुलांना या कामात मदत करतो. पहिल्या तासाभरातच कुणीतरी म्हणतं, “सर, आमच्या वाड्यातनं थेट अजिंक्यताऱ्यापर्यंत भुयार आहे.” लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो लिहा, आमच्या आजोबांनी सांगितलंय. दुसरा म्हणतो भाकडकथा आहे, काढून टाका. दोघंही घाई करतात. कोशात दंतकथेला जागा आहे असं मी ठामपणे मानतो, पण ती दंतकथा म्हणून. ते करताना ज्या चुका होतात त्या पुढे देतो.

‘म्हणतात’ हा शब्द गाळणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आजी सांगते, “असं म्हणतात बाबा.” नातू वहीत लिहितो, “असं आहे.” नोंदीत येईपर्यंत त्याला सालही चिकटलेलं असतं.

वाईजवळच्या मेणवलीची घंटा घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर ती टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे, ते कुणीही जाऊन पाहावं. १७३९ ला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या लुटीतून घंटा आली असं सांगतात. ते पटण्यासारखं आहे, कारण भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. तरीही नोंदीत डोळ्यांना दिसतं ते एका वाक्यात आणि परंपरा सांगते ते दुसऱ्या वाक्यात लिहा. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या वाचकाला ती सोडवता येत नाही.

शक आणि सन यांचा घोळ

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे. मुलं १६४१ वाचतात आणि विहीर थेट शिवकाळात नेऊन ठेवतात. मग “महाराज इथे घोड्याला पाणी पाजायला थांबले” ही कथा आपोआप उगवते. शकात ७८ मिळवले की १७१९ ते १७२४ येतं, म्हणजे शाहू महाराजांचा काळ. विहीर बांधवून घेतली वीरूबाई भोसल्यांनी. एका बेरजेने अख्खी दंतकथा गळून पडते आणि एका कर्तबगार बाईचं श्रेय तिला परत मिळतं.

जगप्रसिद्ध योगायोगही असे पंचांगापायी जन्मतात. शेक्सपिअर आणि सर्व्हँटिस दोघं २३ एप्रिल १६१६ ला एकाच दिवशी गेले म्हणतात. पण स्पेनमध्ये तेव्हा ग्रेगरियन कालगणना होती आणि इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन. तारीख एक दिसली, तरी दिवसांमध्ये दहाएक दिवसांचं अंतर आहे.

योगायोगांची यादी जशीच्या तशी उतरवणं

लिंकन आणि केनेडी या खून झालेल्या दोन अमेरिकन राष्ट्राध्यक्षांमधल्या योगायोगांची यादी तुम्हालाही कधी ना कधी मोबाइलवर आलेली असेल. तिच्यातलं बरंच खरं आहे. काँग्रेसवर (अमेरिकेच्या संसदेवर) निवड १८४६ आणि १९४६, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक १८६० आणि १९६०. दोघांनंतर आलेले जॉन्सनच, एकाचा जन्म १८०८ चा, दुसऱ्याचा १९०८ चा. पण “लिंकनच्या सचिवाचं नाव केनेडी होतं” याला आधार नाही. त्यांचे सचिव होते जॉन निकोले आणि जॉन हे. केनेडींच्या सचिव मात्र खरोखर एव्हलिन लिंकन होत्या. मारेकरी बूथचा जन्म १८३८ चा, पण ऑस्वाल्डच्या १९३९ शी जुळावा म्हणून यादीत तो १८३९ होतो. खऱ्या आठ गोष्टींच्या आडून दोन खोट्या आत शिरतात, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी तपासा.

मग ही यादी कोशात नको का? हवी, पण लिंकनच्या चरित्रात नको. १९६४ पासून ती फिरते आहे, लाखो लोकांनी ती वाचली आहे. तेव्हा यादी म्हणून तिची स्वतंत्र नोंद व्हावी आणि कुठली ओळ टिकते, कुठली नाही, ते तिथे लिहावं. याउलट जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष ४ जुलै १८२६ ला गेले, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. हा योगायोग दोघांच्या चरित्रात जरूर लिहा. जुळवण्यासाठी इथे कुणी काही निवडून काढलेलं नाही.

नावावरून इतिहास रचणं

‘गड आला पण सिंह गेला’ म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपण सगळे शिकलो. तानाजी मालुसरे पडले फेब्रुवारी १६७० मध्ये. शिवाजी महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड हे नाव आधीच आहे. हे सांगितल्यावर मुलं हिरमुसतात. त्यांना मी सांगतो, तानाजींचं शौर्य गडाच्या नावावर अवलंबून नाही.

आपल्या भागातलं सर्वांत अवघड उदाहरण पत्री सरकारचं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्यात प्रतिसरकार चाललं. आजचा सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच होता. खबऱ्यांच्या पायाला घोड्यासारखी पत्री ठोकत, म्हणून ते ‘पत्री सरकार’, असं घरोघरी सांगतात. ‘प्रतिसरकार’चाच बोलण्यात ‘पत्री सरकार’ झाला, हे दुसरं स्पष्टीकरण. कार्यकर्त्यांच्या आठवणींत तळपायावर काठीचे फटके देण्याची शिक्षा येते. माझ्या मते इथे पत्रीची कथा गाळणं ही मोठी चूक ठरेल, कारण त्या दहशतीच्या बोलबाल्यावरच खबरे गप्प बसले असणार. अफवा ही त्या लढ्याचा भाग होती. ती अफवा म्हणून लिहा आणि शेजारी दुसरं स्पष्टीकरणही द्या.

फिरून आलेला संदर्भ

ही चूक माझ्या हातून झाली आहे. एका देवळाच्या नोंदीत मी ऐकीव साल संदर्भाशिवाय लिहिलं. दोन वर्षांनी एका स्मरणिकेत तेच साल छापून आलं आणि कुणीतरी तीच स्मरणिका माझ्या वाक्याखाली संदर्भ म्हणून जोडली. माझीच चूक पुरावा होऊन परत आली. ती काढायला मला फार जड गेलं, कारण आता ‘छापील’ आधार होता. संदर्भ जोडण्याआधी त्याची तारीख पाहा. तो तुमच्या नोंदीनंतरचा असेल आणि स्वतःचा आधार देत नसेल, तर घेऊ नका.

सगळंच कापून टाकणं

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला. आमच्या गल्लीतही वाट्या-चमचे घेऊन रांग लागली होती. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जाऊन खाली ओघळत होतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं. म्हणून ती नोंद पुसायची का? तो दिवस घडला, रांगा लागल्या, वर्तमानपत्रांनी छापलं. चमत्कार खरा की खोटा हा त्या नोंदीचा एक परिच्छेद झाला.

भुयारवाल्या मुलाबरोबर मी १८८५ चं सातारा गॅझेटियर चाळलं. भुयार त्यात सापडलं नाही. गावच्या यात्रेच्या जुन्या स्मरणिकेत मात्र दीड पान निघालं. मग ‘लोककथा’ या मथळ्याखाली त्याने लिहिलं, “वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार असल्याची कथा गावात सांगितली जाते,” आणि पुढे स्मरणिकेचं साल आणि पान दिलं. त्याच्याकडे बुजलेल्या तोंडाचा फोटोही होता. त्याखाली आम्ही लिहिलं: “वाड्याच्या उत्तरेकडील दगडी कमान.”