मॉरिशसला मुलांसह येताय? घरभाड्याआधी शाळेचा हिशेब करा

मॉरिशसला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न घरभाड्याचा असतो आणि दुसरा शाळेचा. हा क्रम उलटा करा. इथे सरकारी प्राथमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घराचा करार झाला की शाळेचा निर्णयही जवळजवळ झालेला असतो. एबेन या कंपन्यांच्या भागात ऑफिस आहे म्हणून पहिल्याच आठवड्यात जवळचा फ्लॅट घ्यायचा आणि मग मुलासाठी दुसऱ्या गावच्या शाळेत खेटे घालायचे, असे पालक मला दरवर्षी भेटतात.

आकडे वाचले की हायसं वाटतं, आणि ते वाटावं असेच आहेत. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. प्राथमिक शाळेच्या वयाची जवळजवळ सगळी मुलं शाळेत आहेत. सोळा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे. गेली कित्येक वर्षं हा देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण चार ते पाच टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करतो. आपल्याकडे कोठारी आयोगापासून सहा टक्क्यांचं बोलणं चालू आहे, त्यामुळे हा आकडा काही डोळे दिपवणारा वाटणार नाही. पण या पैशातून काय काय येतं ते पाहा: पहिलीपासून बारावी-तेरावीपर्यंत फी नाही, प्राथमिकची पुस्तकं फुकट, 2005 पासून विद्यार्थ्यांचा बसप्रवास फुकट, जानेवारी 2024 पासून योजनेत सामील झालेल्या बालवाड्यांची फी सरकार भरतं, आणि 2019 पासून सरकारी विद्यापीठांत स्थानिक मुलांना पहिली पदवीही विनाशुल्क.

हे कुणी सहज हातावर ठेवलेलं नाही. 1968 साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा माध्यमिक शाळेला फी होती. चांगल्या सरकारी शाळा मोजक्या होत्या आणि बाकीची मुलं गल्लीबोळातल्या खासगी कॉलेजांत जायची. (सातवीपासूनच्या शाळेला इथे कॉलेज म्हणतात, शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीने कॉलेजला जाते असं सांगितलं तर गोंधळू नका.) त्या कॉलेजांत धड प्रयोगशाळा नसायची, धड शिक्षकही नसायचे. 20 मे 1975 रोजी हजारो विद्यार्थी वर्ग सोडून पोर्ट लुईच्या दिशेने चालत निघाले. ग्रँड रिव्हरच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अश्रुधूर सोडून अडवलं. त्याच वर्षअखेरीला मतदानाचं वय अठरावर आलं. 1976 च्या डिसेंबरात निवडणुका होत्या. त्या तोंडावर पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली आणि जानेवारी 1977 पासून ते लागू झालं. आज साठी-सत्तरीत असलेल्या इथल्या मराठी बायकांशी बोला. घरात पैसे एकाच्या फीपुरते असले की मुलगा शिकायचा आणि मुलगी ऊसाच्या शेतात किंवा शिलाईच्या कामाला जायची. आता विद्यापीठांत मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. या देशाच्या शिक्षणखर्चावर कुणी नाक मुरडलं तर मला राग येतो, त्याचं कारण हे.

तरीही येणाऱ्या पालकांना मी एक गोष्ट ठासून सांगते. नोंदणीचा दर म्हणजे मूल वर्गात बसलंय एवढंच. ते तिथे काय शिकतंय आणि पुढच्या पायरीवर पोचतंय का, हे त्या दरातून कळत नाही.

इथली व्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे आणि प्रत्येक पायरीवर परीक्षा आहे. पूर्वी सहावीअखेर सीपीई नावाची परीक्षा असे. तिच्यात सुमारे एक तृतीयांश मुलं पहिल्या फेरीत नापास व्हायची. नामांकित कॉलेजातली जागा अकराव्या वर्षीच्या निकालावर ठरायची, त्यामुळे घराघरात चौथीपासूनच रणधुमाळी चालायची. 2017 मध्ये ही परीक्षा जाऊन नऊ वर्षांचं सलग मूलभूत शिक्षण आलं. आता सहावीअखेर पीएसएसी, नववीअखेर एनसीई, अकरावीला केंब्रिजची एससी (स्कूल सर्टिफिकेट) आणि तेरावीला एचएससी (हायर स्कूल सर्टिफिकेट). प्राथमिकला जवळजवळ सगळी मुलं असतात, पण वरच्या वर्गांकडे जाता जाता रांग पातळ होत जाते आणि विद्यापीठात त्या वयाची निम्मीच्या आसपास मुलं उरतात. पीएसएसीत मागे पडलेल्या मुलांसाठी एक वर्ष जास्तीचा वेगळा अभ्यासक्रम काढला होता. त्यातून एनसीई पास होऊन बाहेर पडणारी मुलं फार थोडी निघाली. ती मुलंही नोंदणीच्या आकड्यात होतीच. एससीनंतर पुढे जायला किती विषयांत क्रेडिट (म्हणजे नुसत्या पासाच्या वरची श्रेणी) लागतात हा नियमही सरकार बदललं की बदलतो. म्हणून मोठ्या मुलांना घेऊन येणाऱ्यांनी चालू वर्षाचा नियम शाळेतून लेखी घ्यावा, ओळखीच्या कुणाच्या आठवणीवर जाऊ नये.

शिडीच्या टोकाला एचएससीचे लॉरिएट असतात, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती मिळवणारी मुलं. निकालाच्या दिवशी रेडिओवर नावं वाचली जातात, कॉलेजच्या अंगणात त्या मुलामुलींना खांद्यावर घेऊन नाचतात. पाहायला फार छान वाटतं. त्याच दिवशी त्याच गावात नापास झालेल्या मुलाच्या घरी दार लावलेलं असतं, हेही मी पाहिलंय. तुमचं मूल हुशार आहे म्हणून लॉरिएटचं स्वप्न पहिल्या महिन्यात त्याच्या डोक्यावर ठेवू नका.

आता पैशाचं. सरकारी खर्चाचा मोठा भाग शिक्षकांच्या पगारात जातो आणि ते योग्यच आहे. माध्यमिकमधली निम्म्याहून अधिक मुलं खासगी कॉलेजांत शिकतात, पण त्यांचा खर्च सरकार अनुदानातून भागवतं आणि त्या कॉलेजांना फी घेता येत नाही. इथलं खासगी म्हणजे महाग असा अर्थ नाही, अनुदानित आणि विनाअनुदानित हा फरक समजून घ्या. मग घरचे पैसे जातात कुठे? शिकवणीत. इथे तिला लेसों म्हणतात. दुपारी कॉलेज सुटल्यावर कुठल्याही गल्लीत जा: एखाद्या शिक्षकाच्या घराचं गॅरेज, गाडी बाहेर काढलेली, आत लाकडी बाकं, भिंतीला पांढरा फळा आणि गणवेशातली वीस-पंचवीस मुलं खांद्याला खांदा लावून गणितं सोडवत बसलेली. दाराशी सॅंडलींचा ढीग, गेटबाहेर पुढच्या तुकडीची मुलं पाव खात उभी. लहान वर्गांच्या मुलांची खासगी शिकवणी कायद्याने बंद आहे. मोठ्या वर्गांत मात्र ती सर्रास चालते. फी नसलेल्या देशात आई-बाप दर महिन्याला विषयागणिक पदरमोड करतात आणि ज्यांना ती जमत नाही त्यांची मुलं मागे राहतात. सरकारी खर्चाच्या कुठल्याही टक्केवारीत हा पैसा दिसत नाही. तुमच्या घरखर्चात तो पहिल्या दिवसापासून धरा, किंवा संध्याकाळी स्वतः मुलांजवळ बसायची तयारी ठेवा. माझा कौल दुसऱ्याला आहे, निदान नववीपर्यंत.

प्रवेशाचं प्रत्यक्ष काम असं चालतं. देशाचे चार शैक्षणिक झोन आहेत. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरात संपतं. पहिलीला वयाची पाच वर्षं आदल्या वर्षाच्या डिसेंबरअखेर पूर्ण झालेली लागतात. महाराष्ट्रातलं मूल जूनमध्ये ज्या वर्गात बसतं, त्याच्या बरोबरीची इथली मुलं त्या वर्गात जानेवारीतच बसलेली असतात. मे-जूनमध्ये येऊन मधल्या सत्रात मूल घुसवण्यापेक्षा, नोकरीची तारीख थोडी पुढेमागे होत असेल, तर डिसेंबरात या. मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि मागच्या शाळेचा दाखला व गुणपत्रकं इंग्रजीत आणा, मराठी दाखल्याचं प्रमाणित भाषांतर तिकडूनच करून घेतलेलं बरं. पत्त्यासाठी सीईबीचं विजेचं किंवा सीडब्ल्यूएचं पाण्याचं बिल मागतात. भाड्याच्या घरात ते बिल मालकाच्या नावावर असतं, म्हणून करार करतानाच मालकाकडून तुम्ही इथे राहता असं सहीचं पत्र घ्या. नंतर मालक फ्रान्सला मुलीकडे गेलेला असतो आणि तुम्ही त्याच्या सहीसाठी थांबलेले असता.

ऑक्युपेशन परमिटवर, म्हणजे इथे राहून काम करण्याच्या परवान्यावर, आलेल्यांनी एक जास्तीची पायरी धरावी. करारावर सही करण्याआधी झोनच्या कार्यालयात जाऊन आपल्या परवान्यावर सरकारी शाळेत मूल घेतील का आणि कुठल्या अटीवर, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा. इथल्या माणसाशी लग्न होऊन आलेल्या मुलींना हा त्रास सहसा होत नाही, कारण मुलं इथलीच नागरिक असतात. सरकारी जागा जमली नाही तर इंग्रजी माध्यमाच्या फी घेणाऱ्या शाळा आहेत आणि फ्रेंच पद्धतीच्या लिसे आहेत. लिसेचं वेळापत्रक फ्रान्सचं असतं आणि सगळं शिक्षण फ्रेंचमध्ये. दोन-तीन वर्षांनी भारतात परत जाणार असाल तर ती वाट धरू नका. बाकी, परदेश म्हणून आंतरराष्ट्रीय शाळाच हवी, हा आग्रह मला पटत नाही. प्राथमिकची मुलं वर्षागणिक कमी होत आहेत. 2010 च्या सुमारास ती एक लाखाच्या वर होती, आता बरीच खाली आली आहेत. म्हणजे बऱ्याच सरकारी शाळांत वर्ग आता खचाखच भरलेले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित आहेत, शेजारची मुलं त्याच शाळेत जातात आणि तुमचं मूल सहा महिन्यांत क्रेऑल, म्हणजे इथली रोजची बोली, बोलायला लागतं. मोठ्या फीच्या शाळेत ते बहुधा परदेशी मुलांमध्येच वाढतं.

भाषेची तयारी मात्र तिथूनच करा. पाठ्यपुस्तकं इंग्रजीत, बाई समजावून सांगतात फ्रेंचमध्ये किंवा क्रेऑलमध्ये आणि मधल्या सुट्टीत फक्त क्रेऑल. फ्रेंच हा पहिलीपासून सक्तीचा विषय आहे आणि पीएसएसीला त्याची परीक्षा असते. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना गणित-इंग्रजीत अडत नाही, अडतं ते फ्रेंचमध्ये, आणि चौथीनंतर आलेल्या मुलांना फारच. येण्याआधीचे तीन-चार महिने दुसरं काही शिकवू नका, फ्रेंच सुरू करा.

आणि पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना घाई करू नका. त्यात ऐच्छिक भाषेची निवड असते: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, चिनी, अरबी, 2012 पासून क्रेऑल, आणि मराठी. आपल्या घरी मराठी बोलतोच, मग शाळेत हिंदी घेऊ, असं बहुतेक नवे पालक म्हणतात. कृपया मराठी घ्या. मुंबई बंदरातून गिरमिटावर आलेल्या कोकणातल्या लोकांच्या पणतवंडांनी ही भाषा सरकारी शाळेच्या वेळापत्रकात टिकवली आहे. त्यांच्या घरात आता क्रेऑल बोलतात, तरी मूल मराठीच्या तासाला बसावं म्हणून ते अर्जात मराठी निवडतात. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत या मुलांची मराठी पुस्तकं तयार होतात, तिथे पदवीपर्यंत मराठी शिकता येते आणि एससी-एचएससीलाही हा विषय घेता येतो. पण मराठीची मुलं संख्येने थोडी आहेत, कित्येक शाळांत दोन-तीन इयत्ता एका खोलीत बसतात. वर्गात मुलं असतील तरच तो तास चालतो. घरी मराठी बोलणारं एक मूल त्या खोलीत आलं की शिक्षकाला संभाषणासाठी जोडीदार मिळतो आणि बाकीच्या मुलांना पुस्तकाबाहेरची मराठी ऐकायला मिळते. तुमच्या मुलालाही पहिल्या वर्षी, जेव्हा फ्रेंचच्या तासाला काही कळत नसतं, तेव्हा दिवसातून एक तास असा मिळतो जिथे सगळ्यात आधी हात त्याचा वर जातो.