नेटवर्कवरून विंडोज टाकण्याआधी शेअर फोल्डर कसे आखावेत

समजा, कॉलेजच्या लॅबमधल्या ४० कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकायचं आहे. प्रत्येक मशीन विंडोज पीईनं (इन्स्टॉलेशनपुरतं छोटं विंडोज) बूट होणार आणि सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमधून इमेज (तयार विंडोजची एकत्र बांधलेली फाइल) ओढून घेणार. अशा वेळी बरेच जण एकच फोल्डर करतात, त्यावर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देतात आणि सगळं त्यातच टाकतात. पहिल्या दिवशी ते चालतंही. पुढे कुणाच्या तरी चुकीच्या स्क्रिप्टनं मूळ इमेजच पुसली गेली, की धावपळ सुरू होते.

१. आधी कागदावर रकाने पाडा. प्रत्येक फोल्डरपुढे लिहा: कोण वाचणार, कोण लिहिणार, कधी पुसायचं. इमेज, ड्रायव्हर आणि ॲप्लिकेशन हे फोल्डर मशीननं फक्त वाचायचे. लॉग आणि यूजरचा जुना डेटा मात्र मशीन लिहिणार. हे दोन गट एका शेअरखाली ठेवू नका. जमलं तर डिस्कही वेगळी ठेवा, नाहीतर डेटानं डिस्क भरली की नवी इमेज ठेवायलाही जागा उरत नाही.

२. जागेचा आणि वेळेचा हिशोब करा. इमेज ६ जीबीची धरली तर ४० मशीनसाठी सर्व्हरमधून २४० जीबी बाहेर पडणार. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे चांगल्यात चांगलं पाऊण तासाच्या आत. मध्ये कुठे १०० एमबीपीएसचा जुना स्विच असेल तर हेच काम सहा तासांच्या घरात जातं. तेव्हा सर्व्हरचा रॅम मोजत बसण्याआधी स्विच बघा.

पडून असलेला डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरायचा मोह होतो, पण विंडोज ११ प्रो एका वेळी २० च कनेक्शन घेतं. २१ वं मशीन बाहेरच राहतं. विंडोज सर्व्हर किंवा सांबा (विंडोजसारखं फाइल शेअरिंग देणारं सॉफ्टवेअर) चालवणारं लिनक्स मशीन घ्या. नॅस (नेटवर्कला जोडलेला स्टोरेजचा डबा) वापरणार असाल तर पासवर्डशिवायचा ‘गेस्ट’ ॲक्सेस विसरा. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो तो मुळातच नाकारतं.

३. परवानग्या. वेळ द्यायचा तो इथे. विंडोजमध्ये परवानग्यांचे दोन थर असतात, शेअरचा आणि एनटीएफएसचा (म्हणजे डिस्कवरच्या फाइल-फोल्डरचा). नेटवर्कवरून येणाऱ्याला दोहोंपैकी जो कडक तो लागू होतो. डिप्लॉयमेंटसाठी, म्हणजे या इन्स्टॉलेशनच्या कामासाठी, वेगळं अकाउंट काढा. त्याला इमेजच्या गटावर फक्त ‘रीड’ द्या आणि लॉगवर लिहिण्याचा हक्क द्या. डोमेन ॲडमिनचं (सगळ्या नेटवर्कवर हक्क असलेलं) अकाउंट इथे चुकूनही नको. कारण इथे वापरलेल्या अकाउंटचा पासवर्ड बहुधा बूट इमेजमधल्या एखाद्या सेटिंग फाइलमध्ये साध्या अक्षरांत पडलेला असतो आणि ती इमेज ज्याच्या हाती लागेल त्याला तो वाचता येतो.

शेअरच्या नावाशेवटी $ लावलं की ते ब्राउझ करताना दिसत नाही. नाव माहीत असलेल्याला ते उघडतंच, त्यामुळे त्याला कुलूप समजू नका.

यूजरचा डेटा यूएसएमटीनं (यूजरच्या फाइली आणि सेटिंग हलवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) काढणार असाल तर त्यातल्या स्कॅनस्टेट या डेटा गोळा करणाऱ्या कमांडला एन्क्रिप्ट करायला सांगा. कारण परत टाकताना डिप्लॉयमेंटचं तेच अकाउंट सगळ्यांच्या फाइली वाचू शकतं. प्राध्यापकांच्या प्रश्नपत्रिकाही त्यात असू शकतात!

४. नावं. इंग्रजी अक्षरं, मध्ये स्पेस नको, पाथ आखूड. इमेजच्या नावात आवृत्ती आणि महिना घाला. नवी आली तरी आधीची एक राहू द्या. ड्रायव्हर कंपनी आणि मॉडेलप्रमाणे लावा, पण मॉडेलचं नाव स्टिकरवरून उतरवू नका. विंडोज स्वतः जे सांगतं तेच फोल्डरला द्या. लेनोवोच्या मशीनवर तिथे ओळखीचं नाव नसून आकडे-अक्षरांचा कोड येतो आणि स्क्रिप्ट तोच शोधते.

५. चाचणी. दुसऱ्या मशीनवरून डिप्लॉयमेंटच्या अकाउंटनं इमेजच्या फोल्डरमध्ये एखादी टेक्स्ट फाइल ठेवून बघा. नकार आला पाहिजे. लॉगच्या फोल्डरमध्ये ती बसली पाहिजे. मग एक मशीन, मग पाच, मग सगळी लॅब.

काम उरकलं की ते अकाउंट डिसेबल करा. यूजरचा डेटा मात्र लगेच पुसू नका. ज्याचा त्यानं फाइली तपासून होकार दिला की मगच पुसा, आणि त्याची शेवटची तारीख आधीच जाहीर करा.